यात कुणाचं काय गेलं? : शिक्षकांना एक खुले पत्र

माझ्या शिक्षक बंधुभगिनींना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या शिक्षकांच्या खोलीत एक वाद झाला. वार्षिक कार्यक्रमाच्या निवेदनासाठी मुलं निवडायची होती. एका सहकाऱ्यांनी एक नाव सुचवलं आणि कारण दिलं, "स्टेजवर शोभून दिसेल." मी म्हटलं, शोभून दिसण्याचा फायदा त्या एकट्या मुलाला, बाकीच्यांना त्यातून काय मिळणार? सर शांतपणे म्हणाले, "बाई, देखणं माणूस समोर आलं की बघणाऱ्या प्रत्येकालाच बरं वाटतं. रूप एकाचं असतं, पण सुख सगळ्यांचं होतं. यात कुणाचं काय गेलं?" तेवढ्यात घंटा झाली आणि आम्ही आपापल्या वर्गावर गेलो.

तो प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. सव्वीस वर्षं शिकवते आहे. कुणाचं काय जातं ते मी पाहिलेलं आहे, आणि एकदा तरी ते माझ्याच हातून गेलेलं आहे. म्हणून हे पत्र. ते त्या सरांना एकट्यांना लिहीत नाही, कारण अशी निवड तुम्ही-आम्ही सगळेच करतो, आणि वर्षातून एकदा नव्हे, रोज करतो.

आधी एक मान्य करते. सरांचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं मोलाचं आहे. सकाळी पहिल्या तासाला वर्गात शिरताना खिडकीपाशी एखादा रेखीव, टवटवीत चेहरा दिसतो आणि मन हलकं होतं. घरून आणलेली काळजी क्षणभर मागे पडते. हा आनंद कुणी कुणाकडून हिरावून घेतलेला नसतो. फुलाचा वास दहा जणांनी घेतला म्हणून अकराव्याला कमी पडत नाही, तसंच हे. उलट नीट पाहिलं तर रूपाचा हा आनंद रूप असलेल्यालाच सगळ्यांत कमी मिळतो. माणसाला आपला चेहरा दिवसातून दोन-चार वेळा, आरशापुरता दिसतो. बाकीचा सगळा वेळ तो इतरांनाच दिसत असतो.

आपल्या भाषेत यासाठी दोन शब्द आहेत. अर्थ आपण एकच धरतो, पण घडण वेगळी आहे. 'रूपवान' हा धनवान, बलवान यांच्या ओळीतला शब्द. रूप ही त्यात मालमत्ता आहे, ज्याच्याजवळ आहे त्याची. 'देखणा' हा 'देखणे' या क्रियापदाशी जोडलेला. बघणारं कुणी नसेल तर तो शब्दच पुरा होत नाही. त्या दिवशी सरांच्या डोळ्यांपुढे देखणेपण होतं आणि माझ्या डोळ्यांपुढे रूपवान असणं. दोघंही एकाच मुलाबद्दल बोलत होतो.

शिवाय आपली नजर वळते यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मानसशास्त्रज्ञ ज्यूडिथ लँग्लॉइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवलं की दोन-तीन महिन्यांची बाळंसुद्धा, मोठ्यांनी ज्यांना देखणं ठरवलं होतं, त्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ टक लावून बघतात. त्या बाळांनी ना जाहिराती पाहिलेल्या असतात, ना कुणी त्यांना राजकन्येच्या गोष्टी सांगितलेल्या असतात. हे मुद्दाम लिहिते, कारण या विषयावर बोलताना पुष्कळ जण रूपालाच आरोपी ठरवतात आणि मुलांना सांगतात, दिसण्याला काही महत्त्व नसतं. मुलांना ते खोटं आहे हे पक्कं ठाऊक असतं. आपण कुणाकडे बघून हसतो आणि कुणाच्या डोक्यावरून बघतो, हे ती वर्गात बसून रोज पाहत असतात.

मग बिघडतं कुठे? इमान्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९० मध्ये सौंदर्याच्या आनंदाचं एक लक्षण सांगितलं होतं: तो निरपेक्ष असतो. समोरची वस्तू आपली व्हावी, तिचा आपल्याला काही उपयोग व्हावा, असं त्यात नसतं. आपणही तेवढ्यावरच थांबलो असतो तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण आपण थांबत नाही. चेहरा आवडला की त्याच्या मागे लगेच गुण जोडतो: हुशार असेल, शहाणा असेल, घरचं वळण चांगलं असेल. आणि मग त्या न पाहिलेल्या गुणांची बक्षिसं देऊ लागतो.

आनंद वाटून संपत नाही, पण लक्ष संपतं. चाळीस मिनिटांचा तास आणि चाळीस मुलं धरली, तर एकेकाच्या वाट्याला एक मिनिट येतं, तेही आपण फळ्याकडे वळलोच नाही तर. एका मुलाला दोन मिनिटं मिळाली तर त्यातलं एक दुसऱ्या कुणाचं तरी असतं. ते कुणाचं, हे कोणत्याही हजेरीपटावर लिहिलेलं नसतं, त्यामुळे कुणाचं काही गेलं असं वाटतच नाही. सरांच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथून सुरू होतं.

१९७३ साली मार्गारेट क्लिफर्ड आणि एलेन वॉल्स्टर या दोघींनी अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या पाचवीच्या शिक्षकांना एका मुलाचं प्रगतिपुस्तक पाठवलं. गुण तेच, हजेरी तीच, शेरे तेच. फक्त वर लावलेला फोटो वेगवेगळा. कुणाला देखण्या मुलाचा, कुणाला रूपाने डाव्या मुलाचा. देखणा फोटो पाहिलेल्या शिक्षकांना ते मूल जास्त बुद्धिमान वाटलं, ते पुढे जास्त शिकेल असं वाटलं, सोबत्यांत जास्त आवडतं असेल असं वाटलं. इतकंच नाही, त्याच्या आईवडिलांना शिक्षणाची जास्त आस्था असेल, असंही वाटलं. फोटोत आईवडील नव्हतेच. ते शिक्षक दुष्ट नव्हते. तुमच्या-माझ्यासारखेच होते, त्यांनी तो कागद मन लावून वाचला असणार आणि आपण गुणांवरूनच मत बनवतो आहोत अशी त्यांची खात्री असणार.

याहून मला जास्त टोचला तो कॅरन डायन यांचा १९७२ चा प्रयोग. त्यांनी तरुण विद्यार्थिनींना मुलांच्या खोड्यांची वर्णनं वाचायला दिली, सोबत मुलाचा फोटो. खोडी गंभीर असेल तेव्हा फरक पडला. मूल देखणं असेल तर वाचणारीला वाटे, आज याचं काहीतरी बिनसलं असेल. तसं नसेल तर वाटे, हे मूल मुळातच वाईट वळणाचं आहे. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसले. खिडकीच्या काचा फोडणारी दोन मुलं मला आठवली, वेगवेगळ्या वर्षांची. एकाला मी जवळ घेऊन विचारलं होतं, "काय झालं रे?" दुसऱ्याच्या वहीत शेरा लिहिला होता, "वर्तणुकीत सुधारणा आवश्यक." दोघांचे चेहरे मला अजून स्पष्ट आठवतात, आणि माझी अडचण नेमकी तीच आहे.

तुम्ही म्हणाल, पण देखणी मुलं खरोखरच जास्त मोकळी, जास्त गोड बोलणारी असतात, हा आपला अनुभव आहे. असेल. तो अनुभव कसा तयार होतो ते मार्क स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली मिनेसोटा विद्यापीठात पाहिलं. एक पुरुष आणि एक स्त्री, एकमेकांना कधीही न भेटलेले, फोनसारख्या यंत्रणेवरून बोलणार. पुरुषाला आधी एक फोटो दाखवला आणि सांगितलं, ही ती. फोटो तिचा नव्हताच. कुणाला सुंदर स्त्रीचा दाखवला, कुणाला तसं रूप नसलेल्या स्त्रीचा. संभाषणं ध्वनिमुद्रित झाली. नंतर ज्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं अशा लोकांना फक्त त्या स्त्रियांचं बोलणं ऐकवलं. ज्या स्त्रियांना पलीकडचा माणूस सुंदर समजत होता, त्या ऐकणाऱ्यांना जास्त मनमोकळ्या, जास्त लाघवी वाटल्या. त्या बायकांचं खरं रूप काय होतं याचा इथे संबंधच नव्हता. पलीकडून येणारा आवाज ऊबदार होता, म्हणून त्या खुलल्या.

हा प्रयोग मी पुन्हा पुन्हा वाचला. आपण ज्याला देखण्या मुलाचा गोड स्वभाव म्हणतो, त्यातला निदान काही भाग आपणच त्याच्याशी गोड बोलून घडवलेला असतो, असंच यातून दिसतं ना? आणि कोपऱ्यातल्या ज्या मुलीला आपण 'घुमी' म्हणतो, तिच्याशी आपण कोणत्या आवाजात बोलतो? रूप हे भांडवल आहे असं लोक म्हणतात. त्यावरचं व्याज मात्र आपण भरतो. पहिलीपासून, न कळत, रोज थोडं थोडं.

पुढे त्याची किंमत पगारात मोजली जाते. डॅनियल हॅमरमेश आणि जेफ बिडल या अर्थतज्ज्ञांनी १९९४ मध्ये अमेरिका आणि कॅनडातली आकडेवारी मांडली. साधारण रूपाच्या माणसापेक्षा रूपाने डावी माणसं ५ ते १० टक्के कमी कमावत होती, आणि देखण्यांना मिळणारा जादा फायदा या तोट्याहून थोडा कमीच होता. हे पुरुषांनाही तितकंच लागू होतं. मार्कुस मोबियस आणि तान्या रोझेनब्लाट यांनी २००६ मध्ये आणखी एक गाठ सोडवली. संगणकावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायचं काम दिलं, ज्यात चेहऱ्याचा काही उपयोग नाही. देखण्या लोकांनी कोडी इतरांपेक्षा जास्त सोडवली नाहीत. पण त्यांचा स्वतःवरचा विश्वास जास्त होता, आणि त्यांना कामावर घेणाऱ्यांचाही. तो विश्वास कुठे तयार झाला असेल, याचा विचार शिक्षकाने केला पाहिजे असं मला वाटतं.

आता माझी गोष्ट. शाळेचं नाव सांगत नाही, चूक माझी होती. अकरा वर्षांपूर्वी असंच निवेदन होतं आणि दोन मुली होत्या. एकीचे उच्चार इतके स्वच्छ की शब्द कानात ठेवल्यासारखे वाटत. दुसरी चारचौघींत उठून दिसणारी. तिलाही बरं बोलता येत होतं. मी दुसरीला निवडलं. पहिलीला म्हटलं, तू हिच्याकडून पाठ करून घे. तिने खळखळ केली नाही. दोन दिवसांनी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, मी पडद्यामागून बोलू का? ती पुढे उभी राहील." तिला वाटलं होतं की असं केलं तर सगळ्यांचंच काम होईल. मी तेव्हा हसून तिच्या पाठीवर थोपटलं. तेरा वर्षांच्या मुलीने आपला आवाज आणि दुसरीचा चेहरा यांची वाटणी स्वतःच करून आणली होती, इतकं तिला आम्ही शिकवलं होतं. आणि मला ते तेव्हा समजलं नाही.

निवडलेल्या मुलीचंही भलं झालं असं नाही. कार्यक्रम झाला, कौतुक झालं, मग दरवर्षी पाहुण्यांपुढे तीच. शाळेच्या माहितीपत्रकावर तिचा फोटो छापला गेला. तिला विचारलं होतं की नाही, मला आठवत नाही. म्हणजे रूप तिचं, आणि ते वापरत होती शाळा. नववीत तिला गणितात वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले, तेव्हा शिक्षकांच्याच खोलीत कुणीतरी म्हणालं, "लाडकी आहे सगळ्यांची." तिने रात्री जागून सोडवलेली उदाहरणं त्या एका वाक्यात पुसली गेली. एकदा तिने मला विचारलं होतं, "माझा निबंध खरंच चांगला आहे का?" 'खरंच' या शब्दावर तिने जोर दिला होता. ज्याला सगळेच चांगलं म्हणतात त्याला आपलं काम कसं आहे हे कळायला जागाच उरत नाही. तेव्हा रूपाचा फायदा फक्त रूपवानाला होतो असं म्हणणंही मला पटत नाही. आपण देतो ते बक्षीस त्यालाही पुरतं मिळत नाही. ते त्याच्या चेहऱ्याच्या नावावर जमा होतं, आणि मूल बाहेरच राहतं.

स्वीडनमधल्या एड्रियन मेहिच या अभ्यासकाचा २०२२ मधला एक निबंध आपण सगळ्यांनी वाचावा असा आहे. साथीच्या काळात अभियांत्रिकीचे वर्ग प्रत्यक्षातून ऑनलाइन गेले, तेव्हा काय झालं हे त्याने तपासलं. आधी, जिथे शिक्षकांशी बोलणं, चर्चा, लेखन यांना महत्त्व होतं अशा विषयांत, देखण्या विद्यार्थ्यांना जास्त गुण मिळत होते. गणितासारख्या विषयांत तसं नव्हतं. वर्ग पडद्यावर गेल्यावर मुलींच्या बाबतीतला तो फरक नाहीसा झाला. मुलांच्या बाबतीत मात्र टिकून राहिला. का टिकला याचं एक स्पष्टीकरण असं की त्यांच्यात तोवर खरोखरच काही रुजलेलं असावं, आत्मविश्वास किंवा मिळून-मिसळून काम करण्याची सवय. मुलींना मिळणारे जादा गुण मात्र, असं दिसतं, समोर बसलेल्याच्या नजरेतून येत होते. नजर हटली आणि गुणही गेले. त्या मुलींच्या जागी स्वतःला ठेवून बघा. कोणते गुण माझे आणि कोणते नाहीत?

एवढं सगळं लिहूनही मी सौंदर्याच्या विरोधात नाही. उलट आपल्या व्यवसायाला त्याची एक बाजू अशी लाभलेली आहे जी फार थोड्यांना लाभते, आणि तिच्याबद्दल आपण कधी बोलत नाही. जूनमध्ये वर्गात शिरलं की चेहरे नुसते चेहरे असतात. काही डोळ्यांत भरतात, बरेचसे भरत नाहीत. फेब्रुवारीत त्याच वर्गात उभं राहिलं की मला कुरूप असं एकही मूल दिसत नाही. पुढे आलेले दात दिसेनासे होतात आणि ते दात दाखवत हसणारा मुलगा दिसतो. हा माझा हळवेपणा असेल असं मी पुष्कळ वर्षं समजत होते. मग केविन निफिन आणि डेव्हिड स्लोन विल्सन यांचं २००४ मधलं काम वाचनात आलं. पुरातत्त्वाच्या उत्खननाला गेलेल्या विद्यार्थ्यांनी पहिल्या दिवशी, अनोळखी असताना, एकमेकांच्या रूपाला गुण दिले आणि सहा आठवडे एकत्र काम केल्यावर पुन्हा दिले. दुसऱ्या वेळचे गुण समोरचा माणूस कष्टाळू आहे का, आवडण्यासारखा आहे का यावरून बरेच बदललेले होते. म्हणजे ओळख झाली की डोळ्यांना खरोखर वेगळं दिसू लागतं.

हे रूप आरशात दिसत नाही. ते एकट्याच्या मालकीचं होऊच शकत नाही, कारण ते दोघांच्या मध्ये तयार होतं. सर म्हणाले ते सगळ्यांचं सुख मला इथे सापडतं. त्याला वेळ लागतो एवढंच, आणि जूनमध्येच सगळं लक्ष तिघा-चौघांना वाटून टाकलं तर उरलेल्यांच्या चेहऱ्यांना तो वेळ कधी मिळतच नाही.

म्हणून तुमच्याकडे मागणं थोडंसं आहे. एखाद्या शुक्रवारी, मुलं घरी गेल्यावर, हजेरीपट उघडून बसा आणि या आठवड्यात ज्यांचं नाव घेऊन तुम्ही काही विचारलं त्यांच्यापुढे खूण करा. मी हे केलं तेव्हा अडतीसपैकी सतरा नावांपुढे खूण नव्हती. त्या सतरा मुलांचे चेहरे डोळ्यांपुढे आणताना मला फार वेळ लागला. सोमवारी सुरुवात त्यांच्यापासून केली, आणि चौथ्या दिवशी त्यातल्या एकाने आपणहून हात वर केला. निबंध तपासताना नाव झाकून तपासा. परीक्षेला आपण आसनक्रमांक वापरतोच. मग घरच्या अभ्यासाला का नको? आणि माहितीपत्रकासाठी फोटो हवा असेल तर हजेरीच्या क्रमाने घ्या, मुलांना विचारून घ्या.

राहिलं निवेदन. अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांनी १९७० आणि ८० च्या दशकांत निवड-चाचणीला वादक आणि परीक्षक यांच्यामध्ये पडदा टाकायला सुरुवात केली. तिथे प्रश्न रूपाचा नव्हता, वाजवणारा कोण आहे हे कळल्यावर कान बदलतात हा होता. येत्या शनिवारी आम्हीही तसंच करणार आहोत. सभागृहाचा पडदा ओढलेला असेल, मुलं त्यामागून एकेक करून वाचतील, नावाऐवजी आकडा सांगतील. आम्ही दोघं समोर बसू. सरांनी ज्याचं नाव सुचवलं तो मुलगाही येणार आहे आणि त्याचा आवाज चांगला आहे असं मला वाटतं. निकाल सरांना आणि मला एकाच वेळी कळेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक शिक्षिका